सबसिडी बघून मशीन घेऊ नका, बॉयलर बघून घ्या



पांढऱ्या कोळशाचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "मॅडम, सरकार बायोएनर्जीला एवढं प्रोत्साहन देतंय, ब्रिकेटचं मशीन टाकू का?" कोणी घर तारण ठेवायला निघालंय, कोणी बायकोचे दागिने. व्हिडिओत दोन मिनिटांत उत्तर देणं बरोबर नव्हतं, म्हणून इथे नीट लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. सरकारचं धोरण योग्य दिशेचं आहे आणि त्यात छोट्या माणसाला जागाही आहे. पण धोरण म्हणजे गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक वेगळं शोधावं लागतं, आणि तेही मशीनच्या आधी.

सरकार हे का करतंय?

कोळसा जाळला की कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला कार्बन हवेत जातो. पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचं कुटार जाळलं तर त्याच पिकाने त्या वर्षी हवेतून घेतलेला कार्बन परत हवेत जातो. वाहतुकीचं डिझेल आणि मशीनची वीज लागतेच, त्यामुळे प्रदूषण शून्य होत नाही. तरी हिशेब कोळशापेक्षा बराच बरा. शिवाय आयात तेलाचं बिल कमी होतं आणि शेतात पेटवून दिल्या जाणाऱ्या मालाला भाव येतो. म्हणून २०१८ मध्ये राष्ट्रीय जैवइंधन धोरण आलं आणि पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट २०३० वरून पुढे ओढून २०२५-२६ वर आणलं गेलं.

इथेनॉलमध्ये देशाने वेग दाखवला, हे मान्यच करायला हवं. २०१३-१४ मध्ये मिश्रण दोन टक्केसुद्धा नव्हतं. २०२२ मध्ये १० टक्के झालं, २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचलं. पण इथेनॉल हा साखर कारखान्यांचा आणि मोठ्या डिस्टिलरींचा खेळ आहे. तुमचा-माझा नाही.

धोरण बदलतं, हप्ता बदलत नाही

७ डिसेंबर २०२३ आठवा. गळीत हंगाम सुरू झालेला, कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी वाढवलेल्या, आणि केंद्राचा आदेश आला: उसाच्या रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल करू नका. साखर कमी पडेल ही भीती होती. आठवडाभराने थोडी सूट मिळाली, आणि पुढच्या हंगामासाठी बंदी उठली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. सरकारची अडचण खरी होती, लोकांना साखर स्वस्त हवी. पण बँकेने हप्ता पुढे ढकलला नाही. कारखान्यामागे संचालक मंडळ असतं, दिल्लीत बोलणारी संघटना असते. तुमच्यामागे कोण आहे?

दुसरं उदाहरण जुनं आहे. २००३ च्या सुमारास मोगली एरंडाची, म्हणजे जट्रोफाची लाट आली होती. पडीक जमिनीत लावा, डिझेल काढा! रोपं विकणाऱ्यांनी पैसे कमावले. बिया विकत घेणारा बाजार मात्र उभाच राहिला नाही.

तिसरं, बायोगॅस. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'सतत' योजना आली. २०२३-२४ पर्यंत कॉम्प्रेस्ड बायोगॅसचे ५,००० प्लांट उभे करायचे होते. मुदत संपली तेव्हा आपण त्याच्या जवळपासही नव्हतो. औष्णिक वीज केंद्रांत कोळशासोबत बायोमास पेलेट जाळण्याची सक्ती २०२१ मध्ये जाहीर झाली, आणि २०२३ मध्ये सुधारून ५ टक्क्यांची अट २०२४-२५ पासून धरली गेली. घोषणा आणि ऑर्डर यांच्यामध्ये किती काळ जातो, ते बघा.

सबसिडीचं गणित

राष्ट्रीय बायोएनर्जी कार्यक्रमात ब्रिकेट-पेलेट प्लांटला ताशी टन क्षमतेमागे ९ लाख, जास्तीत जास्त ४५ लाख रुपये मदत ठरली होती. त्याचा पहिला टप्पा २०२५-२६ पर्यंतचाच आखलेला, त्यामुळे आज काय चालू आहे ते स्वतः पोर्टलवर बघा, मशीनवाल्याच्या माहितीपत्रकावर नको. आणि ही मदत प्लांट चालू होऊन तपासणी झाल्यावर मिळते. पीएमईजीपीची सबसिडीसुद्धा तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेली असते. म्हणजे सबसिडी हातात येईपर्यंत धंदा स्वतःच्या दमावर चालवावाच लागतो.

आता एक हिशेब करू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या तालुक्याचे तुम्ही घाला.

समजा रोज ५ टन माल, महिन्याचे २५ दिवस. झाले १२५ टन. भाव किलोला ६ रुपये धरला तर महिन्याची विक्री साडेसात लाख. गिऱ्हाईकाने ६० दिवसांनी पैसे दिले, तर १५ लाख बाहेर अडकले. पुढे कच्चा माल. कुटार दिवाळीच्या आसपास मिळतं, तुराट्या आणि पऱ्हाटी हिवाळ्याच्या शेवटी. पावसाळ्यात काहीच नाही. सहा महिन्यांचा साठा म्हणजे ७५० टन. किलोला ३ रुपये पडले तर साडेबावीस लाख, तेही ओलावा आणि घट न धरता. दोन्ही मिळून साडेसदतीस लाख! मशीनचं कोटेशन हातात घेऊन नाचणाऱ्यांनी हा आकडा कागदावर लिहिलेला असतो का? बीबीएला याला वर्किंग कॅपिटल म्हणतात. दुकानात आम्ही याला "श्वास" म्हणतो. श्वास संपला की मशीन कितीही चांगलं असो, शटर खाली.

मग करायचं काय?

पहिलं, बॉयलर मोजा. तुमच्यापासून ५० किलोमीटरच्या आत डेअरी, कापड प्रोसेसिंग, फरसाणचे कारखाने, कागद गिरण्या किती आहेत? ते आज काय जाळतात, काय भावाने? लक्षात ठेवा, गिऱ्हाईक किलोचा भाव विचारतो, पण हिशेब वाफेचा करतो. तुमचा माल ओला किंवा राखेचा असेल तर स्वस्त असूनही परत येईल. असे तीन गिऱ्हाईक लेखी हो म्हणाले तर पुढे जा. वीज केंद्राचं टेंडर हा बोनस समजा, पाया नाही.

दुसरं, मशीन नसलेला धंदाही बघा. पऱ्हाटी उपटून कुट्टी करून देणं, गाठी बांधणं, वाळवून पोहोचवणं. गुलाबी बोंडअळीमुळे कृषी विभाग दरवर्षी सांगतो की फरदड घेऊ नका, पऱ्हाटी शेतात ठेवू नका. म्हणजे शेतकऱ्यालाही ती काढायचीच आहे. ट्रॅक्टरवरचा श्रेडर भाड्याने घेऊन एक हंगाम करून बघा.

तिसरं, वापरलेलं खाद्यतेल. एफएसएसएआयच्या नियमाने रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्याला त्याची नोंद ठेवावी लागते आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यावं लागतं. हे तेल बायोडिझेलला जातं. अधिकृत कंपनीशी जोडून घेऊन संकलन करायला भांडवल कमी लागतं. पण तेच तेल दोन रुपये जास्त मिळतात म्हणून गाडीवाल्याला तळायला विकलं, तर तो धंदा नव्हे, गुन्हा आहे.

चौथं, उद्यम नोंदणी करा. छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज मागता येतं. पण नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला या उशिराच्या पैशांचं संरक्षण नाही. नोंदणी करताना आपण नक्की काय करतो ते विचार करून भरा.

आणि सरकारकडे माझं मागणं

हवामान वाचवायचं तर कचरा गोळा करणारा शेवटचा माणूस टिकला पाहिजे. त्याला मशीनवर सबसिडी कमी दिली तरी चालेल, पण साठ्यासाठी स्वस्त खेळतं भांडवल द्या. हंगाम सुरू झाल्यावर नियम बदलू नका. आणि तालुक्यातल्या छोट्या युनिटला झेपतील अशा मापाची टेंडर काढा. नाहीतर "कचऱ्यातून सोनं" हे भाषण आमचं आणि सोनं मोठ्यांचं, असं होईल.

या आठवड्याचा गृहपाठ: पाच बॉयलरवाल्यांना भेटा आणि फक्त तीन प्रश्न विचारा. काय जाळता, काय भावाने, पैसे किती दिवसांनी देता. उत्तरं कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यावर हिशेब मांडू. तोपर्यंत ॲडव्हान्सचा चेक खिशातच राहू द्या.