घर वाहून गेले. कागद कुणाच्या नावावर?

निसर्गाचा कोप जात पाहत नाही, वंश पाहत नाही, असे सांगितले जाते. वादळ पाहत नसेलही. पण वादळानंतर मदत वाटणारी व्यवस्था नक्कीच पाहते. २९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेवर आदळलेले कॅटरिना चक्रीवादळ हा त्याचा धडधडीत पुरावा आहे.

न्यू ऑर्लिन्सचे पूरसंरक्षक बांध फुटले आणि शहराचा ८० टक्के भाग पाण्यात गेला. ज्यांच्याकडे मोटारी होत्या ते बहुतेक आधीच बाहेर पडले. मागे अडकले ते मुख्यतः गरीब कृष्णवर्णीय. सरकार पोहोचेपर्यंत माणसांना माणसांनीच सावरले. ह्यूस्टन, बॅटन रूज येथील नातलगांनी आपली घरे त्यांना उघडली.

परंतु हेच एकत्र कुटुंब पुढे कायद्याच्या कचाट्यात सापडले. लोअर नाइन्थ वॉर्ड या कृष्णवर्णीय वस्तीत अनेक घरे आजोबांकडून नातवंडांकडे मृत्युपत्राशिवाय आलेली. राहणारे वारस अनेक आणि कागदावर नाव मृत माणसाचे! 'रोड होम' या सरकारी योजनेने मालकीचा स्वच्छ पुरावा मागितला आणि अशी कुटुंबे अडली. ज्यांचे कागद चोख होते त्यांनाही न्याय कुठे मिळाला? वादळापूर्वीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांपैकी कमी असेल ती रक्कम हिशेबात धरली गेली. कृष्णवर्णीय वस्तीत घरांचे बाजारभाव मुळातच पाडलेले. म्हणजे नुकसान सारखे, भरपाई मात्र कमी! २००८ साली लोक न्यायालयात गेले, तेव्हा कुठे २०११ मध्ये ६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड झाली. तोवर वादळाला जवळपास सहा वर्षे उलटली होती.

हा परका प्रश्न नव्हे. बाबासाहेबांनी १९४६ सालीच डू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकन निग्रो यांच्या स्थितीतील साम्य दाखवले होते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत दलितांना मदत छावण्यांतही भेदभाव सोसावा लागला.

आपल्या वस्त्यांत किती घरे आजही मयत वडिलांच्या नावावर आहेत? महापूर ओसरल्यावर पंचनाम्यात पहिला प्रश्न उताऱ्याचाच येतो. म्हणून कार्यकर्त्यांनी व वकिलांनी विहाराविहारांत बसून वारस नोंदी, घरांचे उतारे आताच पूर्ण करून घ्यावेत. धान्य-कपड्यांची मदत आपण करतोच, केलीच पाहिजे. पण दया चार दिवस पुरते. हक्काला कागद लागतो. तो पाणी येण्याआधी तयार हवा.