घरचं आरोग्य : दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं का?



या आठवड्यात अकोल्याच्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. नाव छापू नका असं तिनं बजावलंय, म्हणून मोजकंच देते. ती लिहिते :

"ह्यांचं वय चोपन्न. बीपी होतंच, पण गोळी आठवली तर घ्यायची. दिवाळीनंतर एका पहाटे पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, अशी कळ आली की हे घामानं डबडबले. घरात सगळे म्हणाले, गॅस झाला. ओवा दिला, सोडा दिला. शेवटी नागपूरला नेलं. तिथं कळलं की छातीतल्या मोठ्या रक्तवाहिनीला आतून चीर गेली आहे. ऑपरेशन लागलं नाही, गोळ्या देऊन घरी पाठवलं. आता दुखत नाही. हे म्हणतात, 'मले आता काय झालं? काहून उगाच नागपूरच्या चकरा मारायच्या?' दुकानावर पुन्हा ढेपेची पोती उचलायला लागलेत. ताई, पुढं काय होईल हे कोणी सांगू शकतं का?"

बाई, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. तारीख-वार कोणी सांगू शकत नाही. पण धोका कोणाला जास्त आणि कोणाला कमी, याच्या खुणा डॉक्टरांना ठाऊक असतात. त्यातल्या काही तुम्हालाही समजून घेता येतील.

नेमकं काय होतं?

हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महारोहिणी, डॉक्टरांच्या भाषेत एऑर्टा. तिच्या भिंतीला तीन थर असतात. आपल्या पिशवीचं अस्तर उसवलं की चिल्लर कशी अस्तरात शिरते आणि आतल्या आत घसरत जाते, तसंच इथं होतं. आतला थर फाटतो, रक्त भिंतीत शिरतं आणि खोट्या वाटेनं वाहू लागतं. याला डिसेक्शन म्हणतात. वर्षानुवर्षं दुर्लक्षिलेलं बीपी हे त्याचं सर्वांत मोठं कारण.

चीर हृदयाजवळच्या, वर चढणाऱ्या भागात असेल तर ते 'ए' प्रकारचं. तिथं पहिल्या दोन दिवसांत उपचाराविना तासाला शंभरात एक-दोन रोगी दगावतात असं मानलं जातं, म्हणून तातडीनं ऑपरेशन करतात. चीर पाठीमागे खाली उतरणाऱ्या भागात असेल तर ते 'बी' प्रकारचं. त्यात गुंतागुंत नसेल तर बीपी आणि नाडीचा वेग कमी ठेवून गोळ्यांवर भागतं. तुमच्या पत्रावरून ह्यांचं दुखणं या दुसऱ्या प्रकारचं दिसतं. पण 'गोळ्यांवर भागतं' म्हणजे 'मिटलं' नव्हे. कळ थांबते, उसवलेलं अस्तर तसंच राहतं.

डॉक्टर अंदाज कशावरून बांधतात?

पहिली खूण रुंदीची. उतरत्या महारोहिणीची रुंदी साधारण अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. पहिल्याच स्कॅनमध्ये ती ४ सेंटिमीटर किंवा जास्त असेल, किंवा खोटी वाट २२ मिलिमीटर वा अधिक रुंद असेल, तर पुढे फुगवटा वाढण्याची भीती जास्त.

दुसरी खूण खोट्या वाटेची. ती रक्ताच्या गुठळीनं पूर्ण बुजली तर चांगलं. अर्धवट बुजली, तर आत शिरलेल्या रक्ताला बाहेर पडायला जागा राहत नाही आणि दाब वाढू शकतो, म्हणून डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात.

तिसरी खूण फांद्यांची. महारोहिणीतून मूत्रपिंड, आतडी आणि पाय यांना फांद्या जातात. खोट्या वाटेनं एखादी फांदी दाबली गेली, तर त्या अवयवाचं रक्त तुटतं.

चौथी खूण म्हणजे औषध घेऊनही न आवरणारं बीपी आणि परत परत येणारी कळ. ही खूण घरात दिसते, आणि ती आधी तुम्हालाच दिसणार.

म्हणूनच स्कॅन पुन्हा पुन्हा काढतात. बहुधा एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. जुन्या फिल्म आणि सीडी दर वेळी सोबत न्या, कारण खरी गंमत तुलनेत असते. फुगवटा साडेपाच सेंटिमीटरच्या पुढे गेला किंवा भराभर वाढला, तर आतून आधाराची नळी बसवण्याचा किंवा ऑपरेशनचा विचार होतो. वेळेवर कळलं तर तयारीनं करता येतं, फुटल्यावर धावाधाव होते.

आता ह्यांना एक गोष्ट सांगा. अमेरिकेतले मायकेल डिबेकी हे याच दुखण्यावरचं ऑपरेशन १९५० च्या दशकात रूढ करणारे सर्जन. ३१ डिसेंबर २००५ रोजी, सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्यांनाच हे दुखणं झालं. तेही आधी दवाखान्यात राहायला तयार नव्हते! पण तपासण्यांत फुगवटा वाढताना दिसला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये ऑपरेशन झालं. त्यानंतर ते दोन वर्षांहून अधिक जगले. एवढ्या मोठ्या डॉक्टरालाही 'काही नाही हो' म्हणायचा मोह सुटला नाही, मग आपल्या माणसाला कशाला बोल लावायचा?

तुमच्या हातात काय आहे?

बीपीचं मशीन घ्या. सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत तारखेसह लिहा. वरचा आकडा बहुधा १२० ते १३० च्या आत हवा असतो, तरी तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलाच खरा धरा.

गोळ्या एकदम बंद करू नका. नाडी मंद ठेवणारी गोळी अचानक सोडली तर नाडी आणि बीपी उसळतात. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी आणून ठेवा.

पोती उचलणं बंद. जोर लावून शौचाला बसणंही वाईट, म्हणून भाजी, ताक, पाणी भरपूर. खर्रा आणि बिडी सुटलीच पाहिजे. पापड, लोणचं, खारवलेल्या मिरच्या ह्यांच्या ताटातून काढा, आणि घरातल्या सगळ्यांचंच मीठ थोडं कमी करा, म्हणजे त्यांना वेगळं वाटणार नाही.

हगवण लागली म्हणून दुकानातून सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी गोळी आणून देऊ नका. या जातीची औषधं महारोहिणीच्या रोग्यांनी शक्यतो टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१८ साली दिला आहे.

सख्खी भावंडं आणि मुलं यांचीही एकदा तपासणी करून घ्या. काही घरांत ही कमजोरी रक्तातच असते. मुलगी सासरी असेल तर बाळंतपणाआधी नक्की.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

छातीत, पाठीत किंवा पोटात अचानक फाडल्यासारखी कळ, घेरी, बोलणं अडखळणं, एखादा पाय गार पडून दुखणं, लघवी एकदम कमी होणं. यातलं काहीही झालं की ओवा-सोडा नको. १०८ ला फोन करा. अकोल्याला सर्वोपचार, अमरावतीला इर्विन, जे जवळ असेल तिथं आधी पोचा. अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटर आहे, तेवढी वाट काढायची की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या.

आणि दारातच सांगा, "यांना एऑर्टाचं डिसेक्शन आहे." हार्ट अ‍ॅटॅक समजून रक्त पातळ करणारी औषधं दिली गेली तर घात होऊ शकतो. हेच वाक्य जाड कागदावर लिहून, गोळ्यांच्या यादीसह, ह्यांच्या पाकिटात ठेवा. शिधापत्रिका आणि आधार कार्डही त्याच पिशवीत असू द्या. महात्मा फुले योजनेत खर्च बसतो का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

बाई, तुमचे हे हट्टी आहेत, की आतून घाबरलेले आहेत? माझ्या मते दुसरंच. आमच्या अमरावतीतल्या शेजारच्या वहिनींनी भांडण सोडून एक युक्ती केली होती. बीपीची वही त्यांनी यजमानांच्याच हाती दिली. "आकडा तुम्ही लिहा, मला चष्म्याशिवाय दिसत नाही," म्हणाल्या. महिनाभरात ते गृहस्थ स्वतःच आकड्यांची काळजी करू लागले!

पुढच्या स्कॅननंतर पत्र टाका. वाट पाहते.

तुमची,
ताई