आज सूर कोणता?

पेटीवाल्याचाही सुवर्णमहोत्सव करायचा असतो, हे आमच्या मंडळींच्या डोक्यात कोणी घातलं कोण जाणे. गवयाची पंच्याहत्तरी होते, नटाची होते, हल्ली तबलजींची एकसष्टीसुद्धा थाटात होते. पेटीवाला त्या सगळ्यांच्या सत्काराला साथीला असतो. १९७५ साली मी पहिल्यांदा जाहीर मैफलीत साथीला बसलो. त्याला यंदा पन्नास वर्षं झाली, हा हिशेब माझ्या विद्यार्थ्यांनी ठेवला आणि परस्पर हॉलही धरला. मला सांगायला आले तेव्हा ठरवूनच आले होते. ‘‘सर, दोन तास तुम्हीच. एकल वादन. मध्ये बसायचं.’’

मध्ये बसायचं म्हणजे काय, हे त्या पोरांना सांगून कळणार नाही. माझी जागा गवयाच्या डावीकडे. तिथून मला गवयाचा एक गाल, त्याचा एक हात आणि पलीकडचा तबलजी दिसतो. श्रोत्यांकडे मी फारसं बघतच नाही, तशी गरजही पडत नाही. साथीदाराचं सगळं लक्ष त्या एका गालावर. गवई जिथे निघालाय तिथे त्याच्या अर्धं पाऊल मागून पोचायचं. आधी पोचलात तर तो डोळे वटारतो, फार मागं राहिलात तर श्रोते. त्यानं श्वास घेतला की तेवढी जागा भरायची, त्यानं पुन्हा तोंड उघडलं की आपला तुकडा अर्ध्यात सोडून द्यायचा. आणि हे सोडणं ऐकणाऱ्याला कळता कामा नये. तबल्याचा एकल कार्यक्रम असला तर काम आणखी वेगळं. तीनतालाचा एकच लेहरा, म्हणजे एका आवर्तनाची तीच ती धून, तासभर धरायचा, ना वाढवायचा ना सजवायचा. तबलजी हवं तिथं भटकून येतो आणि सम बघायला माझ्याकडे येतो. लेहरा नीट धरणं हे तान घेण्यापेक्षा अवघड आहे, असं माझं मत आहे आणि ते कोणी विचारत नाही.

तर अशा माणसाला दोन तास एकट्यानं वाजवायचंय.

पहिल्याच दिवशी रियाजाला एक गंमत झाली. तबल्याला माझ्या विद्यार्थ्याचा मित्र येतो, हाताला फार गोड मुलगा. यमन सुरू केला, बंदिशीचं तोंड झालं, एक आलाप घेतला आणि मी थांबलो. पुन्हा समेवर आलो, पुढचा आलाप, पुन्हा थांबलो. तिसऱ्या वेळी त्या बिचाऱ्यानं ठेका सोडला. ‘‘काका, माझं काही चुकतंय का?’’ त्याचं काही चुकत नव्हतं. मी गवयाची वाट बघत होतो. एवढ्या वर्षांच्या सवयीनं माझा प्रत्येक तुकडा कोणासाठी तरी जागा ठेवूनच संपतो. त्या जागेत आता कोणीही येणार नव्हतं आणि ती मलाच भरायची होती.

तसं बघितलं तर पेटी एकटी वाजावी की नाही, हा वाद माझ्यापेक्षा जुना आहे. युरोपातली खुर्चीवर बसून पायानं भाता मारायची ही पेटी. १८७५ च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती जमिनीवर बसून एका हातानं भाता मारता येईल अशी केली, आणि ती देशभर पसरली. कीर्तनात, तमाशात, नाटकात, भजनात, सगळीकडे. मग १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीनं तिच्यावर बंदी घातली. त्याच जानेवारीत रवींद्रनाथांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून पेटी नको असं कळवलं होतं. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहणाऱ्या जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकारानंही तिच्याविरुद्ध लिहिलं होतं. एवढ्या एका गोष्टीवर कवी आणि साहेब दोघांचं एकमत झालं. आक्षेप असा, की हिचे बारा सूर ठोकून बसवलेले, तिच्यात मींड नाही, गमक नाही, श्रुती नाहीत. आक्षेप खोटा नाही, पेटीवाल्याइतका तो दुसऱ्या कोणाला माहीतही नाही. पण रेडिओवर सारंगी आणि व्हायोलिन असताना रेडिओबाहेरच्या जवळजवळ प्रत्येक मैफलीत पेटी होतीच. १९७१ मध्ये बंदी उठली, तीही अर्धी: बड्या गवयांच्या साथीला पेटी चालेल, एकल वादन चालणार नाही. मी साथीला बसू लागलो तो नेमका हा काळ. त्यामुळे ‘पेटी म्हणजे साथ’ हे आमच्या पिढीला कोणी शिकवावं लागलं नाही, ते सरकारी कागदावरच होतं.

कागदावर काहीही असो, पी. मधुकरांच्या एकल वादनाच्या तबकड्या घरोघरी वाजत होत्या. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर, गोव्यातल्या बोरीचे. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही पेटीवाल्यांनी एकमेकांना फोन केले, जणू घरातच लग्न ठरलंय. आप्पा जळगावकरांची पेटी तर गाते असं वाटायचं. म्हणजे वाट होतीच, मीच तिकडे फिरकलो नव्हतो.

आता खरी अडचण सांगतो. दुसऱ्या दिवशी तबल्याच्या त्या मुलानं तबला मिळवायला घेतला आणि हातोडी हातात धरून सहज विचारलं, ‘‘काका, आज सूर कोणता?’’

मला उत्तर देता येईना. हा प्रश्न मी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आलो. गवई खोलीत चहा घेत असतो, आपण दारातून डोकावायचं, ‘बुवा, आज सूर कोणता?’ बुवा पेटीची पट्टी सांगतात: काळी एक, थंडी असली तर पांढरी एक. बाई म्हणतात काळी चार, घसा बसला असला तर पांढरी पाच. तो सूर एकदा कळला की माझं घर मिळालं. माझा स्वतःचा सूर कोणता, हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारण्याचं कारणही नव्हतं. पेटीला घसा नसतो.

एकल वादक सहसा बोटांना सोयीची पट्टी धरतात. मी चार दिशांनी वाजवून बघितलं. पांढरी एक धरली तर हात फार मोकळा पडतो, बोटं आळसावतात. शेवटी काळी चार ठरवली. कारण साधं आहे: माझ्या उमेदीच्या काळात मी बायकांच्या गाण्याला जास्त वाजवलं. काळी चारवर माझ्या बोटांना माझ्यापेक्षा जास्त गाणं येतं.

सूर ठरला आणि लगेच दुसरा मोह झाला. पेटी जुळवून घेण्याचा. हे थोडं समजावून सांगतो. आमची नेहमीची पेटी समविभागी असते. सप्तकाचे बारा सारखे भाग, म्हणजे कोणत्याही पट्टीला षड्ज मानलं तरी सगळे सूर सारखेच खरे आणि सारखेच किंचित खोटे. त्यात गांधार सगळ्यांत जास्त टोचतो. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर पेटीचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा जवळजवळ चौदा भाग चढा असतो. तंबोरे चांगले जुळलेले असले की तो फरक मला दाढदुखीसारखा जाणवतो. एकाच षड्जाला धरून सगळे सूर घासून घेतले तर गांधार तंबोऱ्यात विरघळतो. पण मग ती पेटी दुसऱ्या पट्टीत वाजवायची सोय राहत नाही. आज काळी एक, उद्या पांढरी पाच, असं फिरणाऱ्या साथीदाराला ही चैन परवडत नाही. एकल वादकाला परवडते.

म्हणून माझी जुनी पेटी मी कारागिराकडे दिली. तिचे सूर पालिताण्याचे, वापरून वापरून मऊ झालेले. कारागीर सुराची पितळी जीभ टोकाशी घासतो तेव्हा सूर चढतो, मुळाशी घासतो तेव्हा उतरतो. गांधार उतरवायचा म्हणजे मुळाशी. त्यानं दोनदा विचारलं, ‘‘नक्की ना? पुन्हा साथीला नाही वाजायची ही.’’ आमच्याकडे मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे जसा कान लावून एकेक तार ऐकतात, तसा तो एकेक सूर वाजवून माझ्या तोंडाकडे बघत होता. परत आणली त्या संध्याकाळी मी नुसता षड्ज-गांधार धरून बसलो. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘आज वाजवताय का नुसते बसलाय?’’ दोन्ही.

काय वाजवायचं, हे त्या मानानं लवकर ठरलं. दरबारी नाही. त्याचा आंदोलित गांधार पेटीवर येत नाही. पट्टी दाबली की सूर सरळ उभा राहतो, झोके घेत नाही. गवई गात असतो तेव्हा झोका तो देतो आणि आपण नुसता पाय टेकायला जागा देतो. एकट्यानं दरबारी वाजवणं म्हणजे फोल्ड्ससाहेबांना पुरावा देणं. यमन, मग एक छोटा कलावती, आणि त्यानंतर ‘मानापमान’ची दोन पदं. १९११ च्या त्या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि टेंबे स्वतः पेटीवाले, भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसणारे. त्या चालींत पूरबी ठुमरी-दादऱ्याचा रंग आहे असं सगळेच सांगतात. मला त्यात आणखी एक दिसतं: त्या चाली पेटीच्या पट्ट्यांवर बोटं अशी सहज बसवतात की करणाऱ्याचा हात पेटीवर होता हे लपत नाही. हे सिद्ध करता येणार नाही. वाजवून मात्र दाखवता येईल.

शरीराचं काय, तर गुडघे तासाभरानं बोलायला लागतात आणि भात्याचा डावा खांदा त्याच्या आधी. साथीत गवई तानपुऱ्यावाल्याशी काहीतरी बोलतो, पाणी पितो, तेवढ्यात पाय सरकवता येतो. इथे तेही नाही. डॉक्टरांनी व्यायाम दिलेत, ते मी करतो असं मी घरी सांगतो.

समितीशी मात्र तीन गोष्टींवर भांडलो. एक, भाषणं. पत्रिकेच्या पहिल्या मसुद्यात दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, मानपत्राचं वाचन, शाल-श्रीफळ, दोन मनोगतं आणि ध्वनिचित्रफीत होती. वादन त्यानंतर. तोवर जुळलेले तंबोरे उतरतात आणि श्रोत्यांना शेवटची बस दिसू लागते. मी सांगितलं, आधी वाजवणार, मग काय गुंडाळायचं ते गुंडाळा. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या सत्कारात मी शेवटी वाजवलंय, त्यामुळे या विषयात माझा अधिकार आहे.

दुसरी गोष्ट उत्तरार्धाची. तो मी एकट्यानं वाजवणार नाही. एका होतकरू मुलीचं गाणं ठेवायचं आणि मी तिच्या डावीकडे बसणार, समविभागी पेटी घेऊन, कारण तिचा सूर पांढरी पाच आहे. विद्यार्थी नाराज झाले. ‘‘सर, तुमच्या कार्यक्रमात तुम्ही बाजूला?’’ मी म्हटलं, सुवर्णमहोत्सव कशाचा आहे ते एकदा पत्रिकेत वाचा. तासभर मध्ये बसून मी काय केलं ते लोक ऐकतील. पण पन्नास वर्षं काय केलं ते फक्त तिथेच दिसेल. मुलगी घाबरलीय. तिला सांगितलंय की तिनं माझ्याकडे अजिबात बघायचं नाही, बघायचं काम माझं.

तिसरी गोष्ट फलकाची. आत्तापर्यंतच्या फलकांवर माझं नाव गवयाच्या छायाचित्राखाली, तबलजीच्या शेजारी, भिंगातून वाचावं इतकं बारीक असायचं. आता माझं नाव हातभर झालंय आणि त्या मुलाचं नाव, जो महिनाभर माझ्यासाठी रोज ठेका धरतोय, खाली गेलंय. दोन्ही नावं एकाच मापात छापा, असं मी चिटणिसांना कळवलंय. त्याचं पाकीटही कार्यक्रमाआधी द्यायचं, नंतर ‘घरी पाठवतो’ म्हणून नाही. ते म्हणाले, जागा पुरत नाही. मी म्हटलं, मग माझं लहान करा. फलकाचं प्रूफ परवा येणार आहे.