उठावण्यानंतरचा प्रश्न

नांदेडच्या नव्या मोंढ्यातील एखाद्या आडतदुकानाचा कर्ता पुरुष निवर्ततो. उठावणा होतो, पाहुणे परततात आणि घरात उरतात ठेवींच्या पावत्या, शेअर, शेतजमीन, बाजारातील उधारी आणि एक मृत्युपत्र. मुंबईचा आप्त सुचवितो, ‘चांगला वकील गाठा, प्रोबेट काढा.’ सल्ला सद्हेतूचा असतो. परंतु भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधील प्रोबेटची सक्ती महाराष्ट्रात मुंबई शहराशी निगडित होती. नांदेड-लातूरमध्ये केलेल्या आणि तेथील मिळकतीसंबंधीच्या मृत्युपत्रांना ती लागू नव्हती.

म्हणून वकिलाआधी यादी करावी. वाद नसल्यास नामनिर्देशन नसलेल्या छोट्या ठेवींसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये ही मर्यादा सहकारी बँकांसाठी किमान ५ लाख आणि इतर बँकांसाठी १५ लाख रुपये ठेवली. शेतीच्या वारसनोंदीची वर्दी तीन महिन्यांत द्यावी. उधारी मृताच्या वैयक्तिक नावावर असेल, तर वसुलीच्या दाव्यात हुकूमनाम्यापूर्वी उत्तराधिकार प्रमाणपत्र वा प्रोबेट दाखवावे लागते. प्रमाणपत्राचा अर्ज मृताचे नेहमीचे वास्तव्य जेथे होते, तेथील न्यायालयात करावयाचा असतो. मृत्यू हैदराबादच्या रुग्णालयात झाला, तरी नांदेडच्या रहिवाशाचा अर्ज नांदेडलाच होतो आणि मिळालेले प्रमाणपत्र देशभर चालते.

वकील स्थानिक असावा, यास आणखी एक कारण आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुनी खरेदीखते अनेकदा उर्दूत आढळतात. येथील कूळकायदाही १९५० चा, हैदराबाद राज्याचा आहे. हे कागद हाताळलेला दिवाणी वकील जिल्हा वकील संघात चौकशी करून शोधावा. अशी किती प्रकरणे चालविली, न्यायालयीन शुल्क किती आणि स्वतःची फी किती, हे त्यास स्पष्ट विचारावे. मूळ कागद पोचपावतीशिवाय देऊ नयेत. मिळणाऱ्या रकमेत टक्का मागणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा. बार कौन्सिलच्या नियमांनी तशी फी निषिद्ध आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत साहाय्य मिळते, हेही ध्यानी असावे.

सर्वांत नाजूक बाब शेवटी येते. जैन समाजास २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, तरी वारसाहक्क हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणेच ठरतो. मृत्युपत्र नसल्यास स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांचे हिस्से समान असतात. नामनिर्देशनाने हा हक्क बदलत नाही; शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी हेच स्पष्ट केले. तरीही लातूरला दिलेल्या मुलीपुढे तयार हक्कसोडपत्र ठेवून ‘येथे सही कर’ असे सांगितले जाते. तिने स्वखुशीने हिस्सा सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण त्यासाठी आपण काय सोडत आहोत हे तिला आधी कळावयास हवे. जो वकील दस्त सर्व वारसांना वाचून दाखवितो आणि गरज पडल्यास ‘तुम्ही स्वतंत्र सल्ला घ्या’ असे तिला सांगतो, त्याच्यामुळे इस्टेटीची वाटणी होऊनही माहेरचे दार उघडे राहते.