मारुतीचं इंजिन विमानाला बसेल, पण पंखा कोणता लावणार?

दर दोन-चार महिन्यांनी असा एक व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये येतोच. गावातला एखादा पोरगा, भंगारातून आणलेलं बाइकचं नाहीतर कारचं इंजिन, लोखंडी पाइपचा सांगाडा आणि पुढे गरगर फिरणारा पंखा. खाली कमेंट ठरलेल्या, 'याला इस्रोत घ्या', 'सरकारने मदत करावी'. कौतुक करायला हरकत नाही. पण या कमेंटमध्ये एक प्रश्न कधीच दिसत नाही. हा पंखा या इंजिनाला चालतो, हे ठरवलं कोणी आणि कसं?

हा प्रश्न जिवाशी येतो. ऑगस्ट 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात 24 वर्षांच्या एका कारागिराने स्वतः बनवलेलं हेलिकॉप्टर चाचणीसाठी सुरू केलं. इंजिन मारुती 800 चं. मागच्या छोट्या पंख्याचं पातं तुटलं, ते मुख्य पंख्यावर आदळलं आणि मुख्य पंख्याचं पातं त्याच्या डोक्याला लागलं. त्यात त्याचा जीव गेला. इंजिन चालू होतं. निकामी झालं ते पातं.

हेलिकॉप्टर आणि विमान वेगळं, मान्य. पण फिरणाऱ्या पात्याचं गणित दोन्हीकडे तेच.

आता हेच मारुती 800 चं इंजिन विमानाला लावू. ताकद जवळपास 37 हॉर्सपॉवर, पण ती मिळते मिनिटाला 5000 फेऱ्यांच्या आसपास. त्याच्या शाफ्टवर थेट पाच फुटी पंखा बसवला तर पात्याचं टोक सेकंदाला साधारण 400 मीटर वेगाने फिरेल. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला 340 ते 350 मीटर. म्हणजे टोक आवाजाच्याही पुढे गेलं. अशा वेळी इंजिनाची ताकद विमान ओढण्याऐवजी कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात आणि हवेशी झगडण्यात जाते. म्हणून टोकाचा वेग सेकंदाला 260-270 मीटरच्या आत ठेवलेला बरा.

मग पंखा छोटा करू? हिशोबाने तो सव्वातीन फुटांचा होतो. टोक शांत होईल, पण एवढासा पंखा थोडीच हवा प्रचंड वेगाने मागे फेकतो. हळू उडणाऱ्या हलक्या विमानाला याच्या उलट हवं असतं, भरपूर हवा आणि बेताचा वेग. म्हणजे पंखा मोठा हवा आणि फिरायला हळू हवा.

हे कोडं भिवंडीकरांना नवं नाही. यंत्रमागाची मोटर मिनिटाला हजारभर फेरे घेते, धोटा मात्र शंभर-दीडशे वेळाच आरपार जातो. मधलं काम छोट्या-मोठ्या पुलीचं आणि पट्ट्याचं. मोटर बदलली की जॉबर आधी पुली बघतो. विमानातही तेच. ऑस्ट्रियाचं रोटॅक्स 912 हे हलक्या विमानांमधलं लोकप्रिय इंजिन मिनिटाला 5800 फेऱ्यांपर्यंत जातं. पण 100 हॉर्सपॉवरच्या मॉडेलमध्ये 2.43 पट वेग कमी करणारा गिअरबॉक्स असतो, त्यामुळे पंख्याला मिळतात 2400 च्या आत फेऱ्या. राइट बंधूंनी 1903 मध्येही हेच केलं होतं. 12 हॉर्सपॉवरच्या इंजिनाला सायकलसारखी साखळी लावून साडेआठ फुटी दोन पंखे हळू फिरवले. त्या पंख्यांचं गणितही त्यांना स्वतःच मांडावं लागलं होतं.

तर पहिली गोष्ट व्यास. यात 'थोडा मोठा असला तर काय बिघडलं' चालत नाही. फेऱ्या त्याच ठेवून व्यास फक्त 10 टक्के वाढवला तर पंखा साधारण 60 टक्के जास्त ताकद मागतो. इंजिन तिथेच दबतं.

दुसरी गोष्ट पिच, म्हणजे एका फेरीत पंखा कागदावर किती पुढे सरकतो. स्क्रू लाकडात शिरताना आठवा. 40 इंच पिचचा पंखा मिनिटाला 2300 वेळा फिरला तर हिशोबाने ताशी 140 किलोमीटर होतात. प्रत्यक्षात थोडे कमी, कारण हवा लाकडासारखी घट्ट नसते. पिच कमी असेल तर विमान लवकर उठतं आणि चांगलं चढतं, पण वर गेल्यावर इंजिन नुसतं किंचाळतं. पिच जास्त असेल तर सरळ उड्डाणात वेग मिळतो, पण धावपट्टी संपेपर्यंत चाकं जमीन सोडत नाहीत. बाइक कायम दुसऱ्या किंवा कायम चौथ्या गिअरमध्ये चालवण्यासारखं आहे हे. आपली पट्टी छोटी असेल, टोकाला झाडं किंवा विजेच्या तारा असतील, तर माझ्या मते वेगाचा मोह सोडून चढणारा पंखा घ्यावा. जमिनीवर पिच बदलता येणारे पंखेही मिळतात. पहिल्या विमानाला तेच सोयीचे.

निवड बरोबर आली का, हे उडायच्या आधी कळतं. विमान खुंटीला पक्कं बांधायचं, पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि फेऱ्या मोजायच्या. निर्मात्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा त्या फार कमी भरल्या तर पिच जास्त आहे, फार जास्त भरल्या तर कमी. व्हायरल व्हिडिओत नेमकं इथेच मित्रमंडळी पंख्याच्या बाजूला उभी राहून शूटिंग करतात. पातं तुटलं तर ते त्याच रेषेत बाहेर उडतं.

ते तुटतं का, याचंही गणित आहे. मिनिटाला 2400 फेऱ्या असताना मध्यापासून अर्ध्या मीटरवरचा एक किलोचा तुकडा तीन टनांहून जास्त जोराने बाहेर खेचला जातो. त्यात प्रत्येक सिलिंडरचा ठोका शाफ्टला झटका देतो. हे झटके पात्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळले तर धातूला बारीक तडे जातात, बाहेरून दिसतही नाहीत. लाकूड ही कंपनं बरीच पचवतं, म्हणून गिअरबॉक्स नसलेल्या छोट्या इंजिनांना आजही लाकडी पंखे लावतात. मात्र कोकणपट्टीत लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि बोल्टची पकड बदलते. ती ऋतूगणिक टॉर्क रेंचने तपासावी लागते. छताच्या पंख्याची पाती किंवा घरी वेल्ड केलेली पट्टी यातल्या कशालाच पुरी पडत नाही.

आणि परवानगी? 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमात विमानाची रचना आणि निर्मितीसुद्धा येते, नुसतं उडवणं नाही. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवणारे कॅप्टन अमोल यादव आठवत असतील. फेब्रुवारी 2016 मध्ये 'मेक इन इंडिया'त बीकेसीला ते विमान लोकांनी पाहिलं. नोंदणी झाली 2017 मध्ये, डीजीसीएची उड्डाण परवानगी आली 2019 मध्ये आणि धुळ्याला चाचणी झाली ऑगस्ट 2020 मध्ये. ते स्वतः व्यावसायिक वैमानिक होते, तरी एवढा काळ गेला. फुलसावंगीसारख्या गावातल्या कारागिराला तर कोणत्या दारावर जायचं हेही ठाऊक नसतं. तपासणी ढिली करा असं मी म्हणणार नाही. पण पंखा बांधून, मोजून, सुरक्षित अंतरावरून चालवून बघायची सोय जिल्ह्याच्या आयटीआय किंवा पॉलिटेक्निकमध्ये उभी करायला विमानतळ लागत नाही. भक्कम खुंटी, जाळीचा पिंजरा, फेऱ्या मोजायचं यंत्र आणि ते वाचता येणारा एक शिक्षक एवढ्यावर सुरुवात होते.