किमान शिल्लक, कमाल दंड

बचत खात्याचे पुस्तक दर महिन्याला बँकेत नेऊन भरून घेण्याची जुनी सवय आता बरीचशी मोडली आहे. त्यामुळे खात्यातून पन्नास-साठ रुपये केव्हा वळते झाले, हे पुष्कळ खातेदारांना चार-सहा महिन्यांनी कळते. नोंदीसमोर इंग्रजी आद्याक्षरांचे एक जुडगे असते. त्याचा अर्थ विचारला तर खिडकीमागून ‘सिस्टीमनेच कापले’ एवढे उत्तर मिळते. किमान सरासरी शिल्लक न राखल्याबद्दलचा हा दंड आणि त्या दंडावरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर. रक्कम भांडण करण्याजोगी वाटत नाही, म्हणून खातेदार पुस्तक पिशवीत टाकून घरी जातो.

या न झालेल्या भांडणांची बेरीज मात्र मोठी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यसभेत दिलेल्या लेखी उत्तरानुसार सरकारी बँका आणि पाच मोठ्या खाजगी बँका यांनी २०१८ पासून या एका सदराखाली सुमारे २१ हजार कोटी रुपये गोळा केले होते. जादा ए.टी.एम. व्यवहार आणि मोबाइलवरचे संदेश यांची आकारणी त्याहून वेगळी. स्टेट बँकेने एप्रिल २०१७ मध्ये हा दंड पुन्हा सुरू केला, तेव्हा महानगरांतील खातेदाराने सरासरी ५,००० रुपये राखावेत अशी अपेक्षा होती. एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत तिने १,७७१ कोटी रुपये वसूल केले. त्याच वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीतील तिचा निव्वळ नफा १,५८१ कोटी होता. ओरड झाल्यावर ऑक्टोबर २०१७ पासून महानगरांतील मर्यादा ३,००० वर आली, पुढे दंडाचे दर उतरले आणि मार्च २०२० मध्ये तो सर्व बचत खात्यांसाठी रद्द झाला. २०२५ च्या मध्यास कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा, इंडियन या बँकांनीही तोच मार्ग धरला. गरिबांविषयीचा कळवळा एकाएकी दाटून आला असे समजण्याचे कारण नाही. कर्जांच्या मागणीच्या मानाने ठेवी मागे पडू लागल्या आणि लहान ठेवीदाराला दुखावणे परवडेनासे झाले, हेच अधिक संभवते.

खाजगी बँकांची गोष्ट निराळी. ऑगस्ट २०२५ मध्ये आय.सी.आय.सी.आय. बँकेने महानगरांतील नव्या खात्यांसाठी सरासरी शिल्लक दहा हजारांवरून एकदम पन्नास हजारांवर नेली आणि टीकेचा भडिमार होताच काही दिवसांतच ती पंधरा हजारांवर आणली. किमान शिल्लक किती असावी हे बँकांनीच ठरवावे, अशी भूमिका रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी त्या वेळी घेतली. ही भूमिका नवी नाही. सेवाशुल्क ठरविण्याचे स्वातंत्र्य १९९९ मध्येच बँकांना मिळाले होते. तोवर भारतीय बँक संघ शुल्के ठरवून देत असे.

दंड नेमका कशाबद्दल होतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका कारकुनाच्या खात्यावर महिन्याचे पहिले दहा दिवस ६,००० रुपये होते. अकराव्या दिवशी त्याने मुलीच्या शुल्कासाठी ५,००० काढले आणि उरलेले वीस दिवस १,००० रुपये पडून राहिले. रोजच्या शिलकांची बेरीज ८०,००० आणि तीस दिवसांची सरासरी २,६६७. मर्यादा तीन हजारांची असेल तर तूट ३३३ रुपयांची. आपले खाते एक दिवसही रिकामे नव्हते अशी त्या कारकुनाची समजूत, आणि ती खरीही आहे. रोज मनात अशी बेरीज ठेवून पैसे काढणारा मनुष्य बँकेच्या मुख्य कार्यालयातही विरळाच असेल.

आता या तुटीमुळे बँकेचे नुकसान किती झाले ते पाहू. बचत खात्यावरचे व्याज २०२५ मध्ये मोठ्या बँकांत अडीच टक्क्यांपर्यंत खाली आले. बँकेने तोच पैसा नऊ टक्क्यांनी कर्जाऊ दिला असता असे धरले, तर फरक साडेसहा टक्क्यांचा. ३३३ रुपयांवर एका महिन्यात हा फरक दोन रुपयेही होत नाही. दंड पन्नास रुपये धरला तर करासह ५९ रुपये खात्यातून जातात. म्हणजे तुटीवर दरमहा सुमारे १८ टक्के. सावकाराच्या व्याजालाही सावकारी कायद्याने वार्षिक कमाल मर्यादा घातली आहे. येथे तर खातेदाराने कर्जही घेतलेले नाही. उलट बँकेकडे त्याचेच हजार रुपये आहेत.

खाते चालविण्यास खर्च येतो, तो कोठून भरून काढायचा, असे बँकांचे म्हणणे असते. ते सर्वस्वी खोटे नाही. पण हा खर्च शिल्लक २,६६७ असली काय आणि ३,००० असली काय, सारखाच येतो. २०१७ मध्ये स्टेट बँकेच्या तत्कालीन अध्यक्षा अरुंधती भट्टाचार्य यांनी जनधन खात्यांच्या ओझ्याचा हवाला दिला होता. जनधन खाती ही सरकारची योजना. तिचा भार सरकारी तिजोरीवर पडावयाचा, तो जनधनच्या रेषेच्या थोड्याच वर असलेल्या विद्यार्थ्यावर, अंशकालीन शिक्षकावर आणि दुकानातील नोकरावर का पडावा, याचे उत्तर कोणी दिले नाही. लाखाची शिल्लक ठेवणाऱ्यास धनाकर्ष फुकट आणि तीनशेची तूट पडणाऱ्यास दंड, ही अर्थशास्त्राच्या पुस्तकातील अन्योन्य अर्थसाहाय्याची रीत उलटी फिरविणे आहे.

रिझर्व्ह बँकेने हात अगदीच झटकलेले नाहीत. नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने व्यापारी बँकांना काही बंधने घातली आणि ती एप्रिल २०१५ पासून लागू झाली. तूट पडल्यावर संदेशाने, ई-मेलने वा पत्राने खातेदारास कळवावयाचे. शिल्लक पूर्ववत करण्यास त्याला सूचनेपासून किमान एक महिना द्यावयाचा. दंड तुटीच्या प्रमाणात असावयाचा, सेवेच्या सरासरी खर्चाशी विसंगत नसावयाचा आणि केवळ दंडामुळे खाते ऋणात जाता कामा नये. दोन वर्षे व्यवहार नसल्याने निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर तर एप्रिल २०२४ पासून हा दंड घेताच येत नाही. पगार जमा होणे थांबले की पगाराचे खाते काही महिन्यांनी साधे बचत खाते होते. बदली झालेल्या अनेक शिक्षकांची खाती पुढे याच स्थितीला जातात.

भांडण करावयाचे ते या नियमांच्या आधारे. ‘दंड अन्यायाचा आहे’ असे तोंडी सांगून शाखेत काही निष्पन्न होत नाही. सूचना कोणत्या तारखेस, कोणत्या मार्गाने दिली आणि त्यानंतर महिना उलटला होता काय, हा प्रश्न लेखी विचारून पोच घेतली म्हणजे उत्तर देणे बँकेस भाग पडते. पुष्कळदा सूचना जुन्या मोबाइल क्रमांकावर गेलेली असते किंवा गेलेलीच नसते. तीस दिवसांत उत्तर आले नाही अथवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही.

मात्र या मार्गाला एक मर्यादा आहे आणि तीच या प्रश्नाची खरी गाठ आहे. २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेने बँकेचा व्यापारी निर्णय लोकपालाच्या कक्षेबाहेर ठेवला. सूचना दिली नाही, म्हणून ५९ रुपये परत मिळू शकतात. ३३३ रुपयांच्या तुटीला ५९ रुपये हा दरच अवाजवी आहे, ही तक्रार तेथे टिकणे अवघड. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम करारभंगाबद्दल वाजवी भरपाईच देते, ठरलेली रक्कम ही तिची केवळ कमाल मर्यादा. पण साठ रुपयांसाठी दिवाणी न्यायालयाची पायरी कोण चढणार? वाजवी म्हणजे किती, हे आकड्यात सांगणे रिझर्व्ह बँकेलाच शक्य आहे. तुटीच्या अमुक टक्क्यांहून अधिक दंड नको, एवढे एक वाक्य नियमात आले तरी पुरे. ते आलेले नाही. दंड ‘वाजवी’ असावा असे म्हणून वाजवीपणा ठरविण्याचे काम दंड घेणाऱ्याच्याच संचालक मंडळावर सोपविले आहे.

किमान शिलकीची अटच नसलेले मूलभूत बचत ठेव खाते २०१२ पासून प्रत्येक व्यापारी बँकेने द्यावयाचे आहे. ते गरिबीचा दाखला मागून द्यावयाचे नाही, कोणासही द्यावयाचे आहे. चालू असलेले साधे बचत खातेही अर्ज करून त्यात बदलून घेता येते. खाते उघडावयास आलेल्या विद्यार्थ्यासमोर मात्र शाखेत सहसा दुसराच अर्ज ठेवला जातो.