दौंडचा डॉक्टर आणि महाडची तालीम

‘इथं राहून कुणी दिग्दर्शक होतो का? त्याला मुंबईच गाठावी लागते.’ महाडात या आठवड्यात एका बैठकीत नाट्यगृहाच्या भाड्याचा विषय निघाला आणि एका पुढाऱ्याने हे वाक्य टाकून तो निकालात काढला. माना डोलल्या, चहा आला. लग्न, वाढदिवस, सत्कार यांना हॉल मिळतो आणि तालमीला मिळत नाही, हे पुराण या स्तंभाच्या वाचकांना तोंडपाठ आहे. ते आज नको.

पुढाऱ्यांच्या कानावर डॉ. जब्बार पटेल हे नाव गेलेलं नसावं. जन्म 1942चा, पंढरपूरचा. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिक्षण आणि मग दौंडला लहान मुलांचा दवाखाना. दौंड म्हणजे काही गिरगाव नव्हे. गाडी बदलायचं जंक्शन. तिथला दवाखाना सांभाळणाऱ्या माणसाने ‘सामना’ हा सिनेमा केला आणि तो 1975 मध्ये बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेला. ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ पुढचे.

त्याआधी, डिसेंबर 1972 मध्ये, पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’. विजय तेंडुलकरांच्या संहितेतली माणसांची भिंत पटेलांनी रंगमंचावर चालती-बोलती केली. धोतर-पगडीतले ब्राह्मण ओळीने उभे, झुलताहेत, गाताहेत. ओळ पाठमोरी झाली की आड काय चाललंय ते झाकलं जातं. ओळ वळली की पुन्हा भजन.

आता याच 1972 मध्ये फ्रान्समध्ये काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. पात्रिस शेरो हा पटेलांहून दोनच वर्षांनी लहान, तोही नाटक आणि सिनेमा दोन्हीकडचा. बाविसाव्या वर्षी त्याच्या हाती पॅरिसबाहेरच्या सार्त्रुव्हिल या उपनगरातलं नाट्यगृह आलं. 1969 पर्यंत ते कर्जात बुडालं. आपल्याकडे एवढ्यावर त्याचं नाव कायमचं खोडलं गेलं असतं. तिथे सरकारने राष्ट्रीय लोकरंगभूमी पॅरिसमधून उचलून लियाँजवळच्या विलरबान या कामगारवस्तीच्या गावी नेली आणि तिच्या संचालकांमध्ये रॉजे प्लाँशाँच्या जोडीला या कर्जबाजारी पोराला बसवलं. बुडाल्यावर पुन्हा हाती संस्था देण्याची रीत आपल्याकडेही आहे, पण ती साखर कारखान्यांपुरती.

‘घाशीराम’चं काय झालं? 19 प्रयोगांनंतर ते रंगमंचावर आणणाऱ्या संस्थेनेच नाटक बंद केलं. कलावंत बाहेर पडले आणि 1973 मध्ये त्यांनी स्वतःच थिएटर अकॅडमी उभी केली. शेरोने 1976 मध्ये जर्मनीत बायरॉइटला वाग्नरची ‘रिंग’ ही ऑपेरामालिका बसवली, तेव्हा प्रेक्षकांनी आरडाओरडा केला. 1980 मध्ये शेवटच्या प्रयोगाला तासाहून अधिक टाळ्या पडल्या. विरोध पचवत ‘घाशीराम’ युरोपला गेलं, तेही 1980 मध्येच. शेरोच्या पाठीशी संस्था होती. पटेलांच्या पाठीशी मित्र होते आणि चरितार्थाला दवाखाना. गुण दोघांकडे होते, पण नापास व्हायची मुभा एकालाच होती.

शेरोने पुढे ‘ला रेन मार्गो’ हा सिनेमा केला. त्याला 1994 मध्ये कानचं ज्युरी पारितोषिक मिळालं. पटेलांनी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ केला आणि महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह जगाला पडद्यावर दाखवला. त्यात आंबेडकर साकारणाऱ्या मामुट्टींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोष्ट महाडची, दिग्दर्शक मात्र बाहेरचा. पोलादपूरची गतही तीच. उमरठच्या तानाजीवर कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 1923 मध्ये ‘सिंहगड’ काढला, 1933 मध्ये शांतारामबापूंनी, आणि 2020 मध्ये मुंबईने कॉम्प्युटरवर डोंगर उभे केले. गोष्ट सावित्री नदीच्या काठची, दिग्दर्शक मात्र दर वेळी घाटावरून नाहीतर मुंबईहून यायचा. शिमग्याला सोंगं काढणारी, गावच्या पूजेला मुंबईकरांसोबत नाटक उभं करणारी पोरं इथे काय कमी आहेत? त्यांना पावसाळ्यात तालमीला शाळेचा व्हरांडा मिळतो, तोही मास्तर भले असतील तर.

20 मार्च 2027 हा चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा शतकदिन. त्या दिवशी मंडप, भाषणं आणि हेलिकॉप्टर असणारच, त्याची चिंता नको. पुढाऱ्यांनी एवढंच करावं: महाड-पोलादपूरच्या पोरांच्या एका संघाला वर्षभर, आठवड्यातून तीन संध्याकाळी, हॉल बिनभाड्याने द्यावा आणि पहिलं नाटक पडलं तरी किल्ली परत मागू नये.